काका, तुमच्यामुळे आपलं मुंबईचं बेट माझ्या पायांना कळलं

काका,

तुमची नात तुम्हाला मोबाइलवरचं सगळं वाचून दाखवते असं ती म्हणाली म्हणून इथेच लिहितेय. समोर बसून मला हे बोलता आलं नसतं, तुम्ही लगेच "चल गं, चहा घे" म्हणून विषय बदलला असतात.

गेल्या जुलैत दादरच्या हिंदमाताला आपण भेटलो ते आठवतंय ना? मी पुलाखाली अडकलेली, गुडघाभर पाणी, फोनवर सारखं टॅक्सी बघत होते आणि तुम्ही बाजूला छत्री टेकून शांत उभे. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजलंत आणि म्हणालात, आज पंचमी, पावणेचारला भरती, म्हणजे साडेपाचच्या आत हे पाणी काही हलत नाही, उगाच धावू नकोस. आणि खरंच साडेपाचनंतरच ते उतरायला लागलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब मी 34 वर्षं मुंबईत राहून पहिल्यांदा ऐकला. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एवढं सोपं. तुम्ही महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या खात्यात मुकादम होतात, सगळी नोकरी या शहराच्या पोटात काढलीत, ते मला नंतर कळलं.

त्या वेळी माझं काय चाललं होतं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मी चित्रं काढते, त्यावरच पोट आहे, पण आठ महिने माझी स्वतःची अशी एक रेघ निघाली नव्हती. सगळं स्क्रीनवर बघून स्क्रीनवरच काढायचं, झाडसुद्धा दुसऱ्याच्या फोटोतलं. तुम्ही एकदाच विचारलंत, चालतेस का? मी म्हटलं हो, रोज सकाळी बागेत पाच राउंड मारते. तर म्हणालात ते फिरणं झालं, चालणं नाही, रविवारी ये.

पहिल्या रविवारी तुम्ही मला माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर नेलंत, जोसेफ बाप्टिस्टा बागेत, खाली डॉकयार्ड रोड स्टेशन आणि पलीकडे गोदी दिसते तिथे. आणि सांगितलंत की आता बोलायचं नाही, फोटो नाही, फक्त पोटरीकडे लक्ष ठेवून खाली उतरायचं. उमरखाडी, मग पायधुणी. नावातच खाडी आहे काका, आणि मी इतकी वर्षं ते नाव नुसतं पत्त्यात लिहीत होते! माझगाव आणि मुंबई ही दोन वेगळी बेटं, मधली खाडी ओलांडून आलेली माणसं जिथे पाय धुवायची ती पायधुणी असं सांगतात. डोळ्यांना तिथे फक्त दुकानं, हातगाड्या आणि गर्दी दिसते, पण उतार संपला की पोटरी सैल पडते, ते मला त्या दिवशी कळलं. हातगाडीवाला कुठे गाडी अडवून धरतो आणि कुठे सोडतो ते बघ, त्याला नकाशा लागत नाही, हे तुमचं वाक्य मी घरी येऊन लगेच लिहून ठेवलं.

तुम्ही बघायला शिकवलेल्या गोष्टी एरवी मला कुणी सांगितल्या नसत्या. जुन्या चाळीचा ओटा किती उंच आहे. दाराला किती पायऱ्या आहेत. किराणा दुकानाचं खालचं फडताळ जूनमध्ये रिकामं केलंय का. मॅनहोलपाशी थांबून ऐकायचं, ओहोटीला आतलं पाणी वाहताना आवाज येतो, मोठ्या भरतीला गप्प, कारण समुद्राचं पाणी पातमुखाच्या, म्हणजे नाला समुद्रात उघडतो त्या तोंडाच्या वर आलं की आतल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. म्हणून तर हिंदमाताचं पाणी पार रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशनपर्यंत नेऊन उपसून टाकावं लागतं. हे ऐकल्यापासून मला पाऊस वेगळाच ऐकू येतो.

हाजी अलीवरून वरळीला जाताना तुम्ही रस्त्याच्या मधोमध थांबून म्हणालात, आपण भिंतीवरून चालतोय. हॉर्नबीचा बांध, 1784 च्या सुमारास पुरा झालेला, महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून भरतीचं पाणी आत घुसायचं ते त्याने अडवलं आणि आतली कामाठीपुऱ्याकडची दलदल हळूहळू जमीन झाली. आणि माहीमच्या कॉजवेवर तुम्ही अवाबाईंची गोष्ट सांगितलीत, जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी, टोल लावायचा नाही या अटीवर त्यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 साली रस्ता झाला. त्या दिवशी तुम्ही खाडीकडे बघून नमस्कार केलात. मीही केला.

आता माझ्या कामाचं सांगते. दुकानात बिलाला वापरतात तो कागदाचा रोल मी आणला. चालून घरी आल्यावर, अंघोळीच्याही आधी, एकच रेघ काढायची, डावीकडून उजवीकडे, चढ तिथे वर, उतार तिथे खाली, पाणी साचतं तिथे पेन दाबून. काही आठवून सजवायचं नाही, पायांना जे लक्षात राहिलं तेच. पहिला रोल थर्मलचा, म्हणजे उष्णतेने काळा पडणाऱ्या कागदाचा निघाला, त्यावर चहाचा गरम कप ठेवला तर गोल काळा डाग उठला, नेमका हिंदमातावर, तो मी तसाच ठेवलाय. आता साध्या कागदाचे 11 रोल झालेत. कुलाब्यापासून शीवपर्यंत सलग चालले, पूर्ण दिवस लागला, आणि रात्री जमिनीवर रोल पसरला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपण एका लहानशा बेटावर राहतो, एका दिवसात पायाखालून जाईल एवढ्याच. मग घाई कमी झाली माझी. लांब जायचं नाहीये, तेच परत परत चालायचंय, उधाणाच्या मोठ्या भरतीला एकदा, भांगाच्या लहान भरतीला एकदा, पावसात आणि मे महिन्यात.

त्या रेघांवरून चित्रं यायला लागली काका. ओट्यावर बसलेली आजी, उतारावर गाडी धरलेला माणूस, त्याच्या पाठीचा बाक. माझी रेघ परत आली आणि ती तुम्ही आणून दिलीत, एक पैसा न घेता, दर रविवारी, गुडघा दुखत असताना. दुखतो हे तुम्ही मला शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत त्याचा मात्र राग आहे. चौथ्या मजल्यावरून आता खाली उतरता येत नाही असं तुमच्याकडच्या ताई म्हणाल्या तेव्हा मला फार लागलं ते.

खूप खूप आभार.

येत्या रविवारी दशमी आहे, साडेसातला भरती. मी सहालाच शिवडीहून निघते, तुमच्याकडे पोचेन तेव्हा घामेजलेली असेन आणि हात धुवायच्या आधी रेघ काढायला बसेन. तुम्ही गॅलरीतली ती लांब फळी तेवढी रिकामी करून ठेवा, अकराच्या अकरा रोल उलगडायचेत, आणि परळचा उतार मी चुकवलाय असं मला वाटतंय, तो तुम्ही बघून सांगा.