पाइपातला कॅमेरा घेतलास, त्यानिमित्ताने

ठाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ड्रेनेज तपासायचा कॅमेरा घेतल्याचं तुझ्याकडून कळलं आणि मनापासून आनंद झाला. आता चोकअप नेमका कुठे आहे ते न बघताच लोकांच्या फरश्या फोडायची पाळी येणार नाही. फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेरा अडकू दे, त्याचं डोकं तुटून आत राहू दे, पण तो काढायला चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही. तू नाही आणि हाताखालचा पोरगा तर नाहीच. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि गॅस निघून गेला असं वाटतं. पहिल्याला काढायला धावलेला दुसराही त्यातच जातो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. पण घरातला माणूस गेल्यावर त्या पैशांचं काय करायचं? कॅमेरा गेला तर गेला म्हणायचं. सेप्टिक टँकमध्ये तर तो घालूच नकोस. तिथे मिथेन असतो आणि आपले साधे कॅमेरे स्फोटरोधक नसतात.

काम घेताना घरच्यांना एक प्रश्न हमखास विचार: पाइपात ॲसिड किंवा ड्रेन क्लीनर ओतलंय का? लोक आपणहून सांगत नाहीत. ओतलं असेल तर भरपूर पाणी सोडून पाइप धुऊन निघाल्याशिवाय कॅमेरा आत घालायचा नाही. ते पाणी डोळ्यांत उडालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. हातमोजे आणि चष्मा लागतातच. पावसाळ्यात लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते, हातावर साधा ओरखडा असला तरी तो आधी झाकून घे.

आता रॉड, म्हणजे ज्याच्या टोकाला कॅमेरा असतो तो. आतून तो काचतंतूचा (फायबरग्लासचा) असतो. वाकतो, पण त्याला मर्यादा आहे. पाइपाच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरून थोडा थोडा सरकव. लांबून जोर लावलास तर मधेच दुमडतो आणि एकदा आतून तडकला की संपलं. नळ बारीक चालू ठेव, म्हणजे रॉड सहज सरकतो. बेंडला डोकं टेकलं की हाताला लगेच कळतं, रॉड स्प्रिंगसारखा मागे रेटतो. तिथे धक्के मारू नकोस. जरा मागे घे, किंचित फिरव, पुन्हा हलकेच पुढे ने. चार इंची पाइपात बहुतेक वेळा निघतो. पण चोकअप कॅमेऱ्याने फोडायला कधी जाऊ नकोस. तो बघण्यासाठी आहे, ढकलायला स्प्रिंगचं ड्रेनेज मशीन आहे. आणि मशीनची स्प्रिंग आत असताना त्याच पाइपात कॅमेरा नको, दोन्हींचा गुंता सुटत नाही.

खरी तपासणी बाहेर काढताना कर. आत जाताना डोकं हलतं, चिखल उडतो. परत येताना सावकाश ओढलं की सांधे, तडे, आत घुसलेली मुळं नीट दिसतात. पाणी हळूहळू लेन्सवर चढून पुढे पुन्हा उतरलं, तर तिथे पाइप खाली खचलाय असं समज. रॉड किती आत आहे तो मीटरवरचा आकडा तेव्हाच लिहून ठेव. कॅमेऱ्याच्या डोक्यात ५१२ हर्ट्झचा (सिग्नल सोडणारा) ट्रान्समीटर असेल तर तो सिग्नल पकडणाऱ्या लोकेटरने वरून जागा पक्की कर, आणि मगच फोडायचं बोल.

ओढतानाच दुसऱ्या हातात ओलं फडकं धर, रॉड पुसतच रीळावर जाऊ दे. डोकं भांड्यांच्या साबणाने, साध्या पाण्याने धू. थिनर, पेट्रोल नको, सील खराब होतं. लेन्सवरची चरबी नुसत्या पाण्याने जात नाही आणि ती राहिली की लाइट पसरून चित्र पांढरं दिसतं. काचेच्या आत वाफ दिसली तर सील गेलं म्हणून समज. तो कॅमेरा त्याच दिवशी थांबव, पाणी सर्किटपर्यंत पोचलं की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. रीळ ओलं झाकू नकोस, आणि बॅटरी उन्हात गाडीत ठेवू नकोस.

पहिलं मोठं काम लागलं की रेकॉर्डिंग पाठव, आपण दोघं बसून बघू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विवेक