राणीच्या बागेतील माळीदादांस

आदरणीय माळीदादा, सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे त्या दिवशी राहूनच गेले, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहिते आहे. महापालिकेच्या फुलांच्या प्रदर्शनासाठी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आलेल्या, हातात पांढरी काठी असलेल्या एका आजींना आपण उर्वशी नावाच्या झाडाचे फूल दाखवले होते. त्या माझ्या आई.

आईची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला चार वर्षे झाली. त्याआधी लालबागच्या चाळीच्या गॅलरीत तिने तेलाच्या डब्यांतून तुळस, अबोली, गुलबक्षी वाढवली होती. रविवारी ती आम्हा भावंडांना चालत राणीच्या बागेत आणायची. आम्ही हत्तीकडे धावायचो आणि ती झाडांखाली रेंगाळायची. ही बाग १८६२ सालची आहे, हे मला शाळेच्या आधी तिने सांगितले.

गेल्या वर्षी मी तिला उपनगरातल्या एका पुष्पप्रदर्शनाला नेले होते. तिने शेवंतीच्या कुंडीकडे नुसता हात नेला, तोच एक स्वयंसेवक शिट्टी फुंकत आला आणि आईच्या डोक्यावरून मला म्हणाला, “यांना दिसत नाही, तर गर्दीत आणलंच कशाला?” आईने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि घरी पोहोचेपर्यंत बाहेर काढले नाहीत. तो प्रसंग आठवला की आजही माझा संताप होतो.

राणीच्या बागेतही ती तशीच, हात पदराखाली धरून चालत होती. डेलिया आले, पिटुनियाचे ताटवे आले, मी रंग सांगत राहिले आणि ती नुसती हुंकार देत राहिली. तेवढ्यात आपण हातातली पाण्याची नळी खाली ठेवून पुढे आलात आणि विचारलेत, “आजी, तुम्हाला काय बघायचंय?”

दादा, हा प्रश्न आपण मला नाही, आईला विचारलात. दवाखान्यात, बँकेत, अगदी घरच्या लग्नातसुद्धा लोक तिच्याबद्दलचे सगळे मला विचारतात: यांना चहा चालतो का, यांना बसायला खुर्ची देऊ का. ती शेजारीच उभी असते, सगळे ऐकत असते. चार वर्षांत तिला काय बघायचे आहे, असे कोणी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर मीही नाही.

“उर्वशी फुललीय का हो?” आईने विचारले. आपण तिला झाडापाशी नेलेत आणि “थांबा, हात मातीचे आहेत” म्हणून नळावर धुऊन, खांद्यावरच्या पंचाला पुसून, मग आपला तळवा तिच्या तळव्याखाली धरलात. खाली पडलेले एक ताजे फूल उचलून त्याचा लांब देठ तिच्या चिमटीत दिलात, म्हणजे फूल झाडावर लोंबते तसेच तिच्या हातात लोंबले. मग तिचे बोट धरून एकेक पाकळी मोजलीत, पाच, आणि पाकळीच्या टोकाशी येताच तिच्या बोटावर हलकेच टिचकी मारून म्हणालात, “इथे पिवळा ठिपका. बाकी सगळी लाल.” या फुलाला फारसा वास नाही, आईला ते भेटले ते केवळ आपल्या त्या टिचकीमुळे. हे झाड मूळचे ब्रह्मदेशातले, त्याला बी क्वचितच धरते, म्हणून गुटी बांधून, म्हणजे फांदीची थोडी साल सोलून तिथे मुळे फुटू देऊन, रोप करावे लागते, हेही आपण तिलाच सांगत होतात, आणि ती गुटीसाठी साल किती सोलायची ते विचारत होती. गर्दीने गजबजलेल्या त्या सकाळी आपल्याला कामे थोडी नव्हती. तरीही समोरच्या माणसाला आधी माणूस म्हणून विचारावे, ही रीत आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की आपल्याला ती वेगळी करावी लागली नाही. मुंबईत अशी माणसे आहेत, म्हणून आईसारख्यांना घराबाहेर पडता येते.

परतताना आईचे हात पदराबाहेर होते. ते फूल वाळून आता तपकिरी झाले आहे, पण देवघरातल्या डबीत आहे, आणि आल्यागेल्याला ती पिवळ्या ठिपक्याची जागा बोट ठेवून दाखवते.

आईचा आपल्याला एक निरोप आहे. पुढच्या खेपेला तिला गोरखचिंचेच्या बुंध्याला कवेत घ्यायचे आहे. दोन हात पुरणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या बाजूने आपण उभे राहाल का, असे तिने विचारले आहे.

आपली कृतज्ञ,
लालबागच्या आजींची मुलगी