फाइल उघडली नाही, पण कोणती?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अभियांत्रिकी आणि पदविकेच्या प्रात्यक्षिकांत सी भाषेचा एक नमुना वर्षानुवर्षे फळ्यावरून वहीत उतरतो आहे. फाइल उघडणारे ओपन बोलवायचे, उत्तर उणे एक आले तर त्रुटीचा संदेश छापणाऱ्या पीएररला 'ओपन' एवढा शब्द द्यायचा आणि प्रोग्रॅम बंद करायचा. पडद्यावर उमटते 'ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. परीक्षकांना एवढे पुरते. नोकरीत मात्र हीच ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसली, की वाचणाऱ्याला ना फाइलचे नाव कळते, ना ती वाचायला उघडत होते की लिहायला. प्रोग्रॅमला त्या क्षणी हे सगळे ठाऊक होते. त्याच्याकडून ते कुणी वदवून घेतले नाही.

सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी, फसला, की तिचा गाभा असलेला कर्नल एक आकडा परत देतो. सी लायब्ररी तो एर्नो या चलात ठेवते आणि आपल्या हाती उणे एक देते. पीएरर त्या आकड्यासमोरचे ठरीव वाक्य छापते आणि स्ट्रएरर तेच परत देते. फाइलच्या नावाशी त्यांचा संबंध येत नाही. शिवाय एकेका आकड्यामागे कारणे अनेक. ईनोएंट, म्हणजे २, घ्या. फाइल नसेल, वाटेतली एखादी डिरेक्टरी नसेल, सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल, असेल पण तिचे टोक नाहीसे झालेले असेल, किंवा सापेक्ष पाथ (चालू डिरेक्टरीपासून मोजलेला पत्ता) असेल आणि प्रोग्रॅम भलत्याच डिरेक्टरीतून सुरू झाला असेल, तरी आकडा २च. प्रोग्रॅम चालू करणाऱ्या एक्झेक्व्हीई या कॉलमध्ये तर आणखी गंमत. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असते, परवानग्या ठीक असतात, तरी २ येतो. कारण पहिल्या ओळीत दिलेला, स्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रिटर सापडत नाही. फाइल विंडोजवर जतन केलेली असेल, तर त्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचे न दिसणारे चिन्ह चिकटते आणि कर्नल ते नावाचाच भाग धरतो.

२८, म्हणजे ईनोस्पेस, तितकाच फसवा. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' वाचून माणूस रिकामी जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवतो, तर डिस्क निम्मी रिकामी. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपलेले असतात. ते डीएफला 'वजा आय' दिल्याशिवाय दिसत नाहीत. फाइलींतले बदल कळवणाऱ्या आयनोटिफायमध्ये तर हाच आकडा नजर ठेवण्याच्या फाइलींची वापरकर्त्यामागची मर्यादा संपली तरी येतो, आणि तिथे डिस्कचा काहीच संबंध नसतो.

मराठी नावांच्या फाइलींत याहून अवघड दोन प्रकार आहेत. एक्स्ट४सारख्या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हेच. 'महाराष्ट्र' वाचताना अक्षरे चार, चिन्हे दहा, बाइट ३०. म्हणजे नावात ८५ चिन्हांपुढे जागा नाही. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, आणि तिथे देवनागरीचे एक चिन्ह म्हणजे एकच एकक, त्यामुळे विंडोजवर निर्धास्त ठेवलेले लांबलचक शीर्षक लिनक्सवर झिप उघडताना ३६ वर, म्हणजे ईनेमटूलाँगवर, अडकते. संदेशात नावाची बाइटमधली लांबी आणि मर्यादा छापली, तर उलगडा लगेच होतो.

दुसरा प्रकार 'शेतकऱ्यांची यादी' अशा नावाचा. यातला अर्धा ऱ यूनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी येऊ शकतो: ०९३१ हे ऱचे चिन्ह व हलन्त, साधा र, नुक्ता व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच, कर्नलला तीन वेगळी नावे. नॉर्मलायझेशनने, म्हणजे यूनिकोडच्या एकरूप करण्याच्या नियमांनी, पहिले दोन एक होतात, जॉइनरवाला होत नाही. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये फाइल दिसते आणि ओपन म्हणते नाही! अशा वेळी संदेशात नाव अवतरणचिन्हांत द्यावे आणि नावात अॅस्की सोडून काही असेल तर त्याचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) सोबत छापावेत. नावाअखेरची मोकळी जागाही अवतरणांमुळे उघडी पडते.

चांगला संदेश कसा दिसावा? 'यादी वाचायला उघडता आली नाही: ओपन, पाथ "/एसआरव्ही/यादी/मे.सीएसव्ही", फक्त वाचण्यासाठी, परमिशन डिनाइड, ईअॅक्सेस, १३, "/एसआरव्ही/यादी" या डिरेक्टरीत शिरण्याची परवानगी वापरकर्ता क्रमांक ३३ला नाही, मोड ०७५०.' मोड म्हणजे डिरेक्टरीच्या परवानग्यांचा आकडा. ओळ लांबते, लांबू द्या. आकड्याबरोबर त्याचे चिन्हनामही हवे, कारण स्ट्रएररचे वाक्य लोकेलप्रमाणे, म्हणजे निवडलेल्या भाषेप्रमाणे, बदलते आणि मग लॉगमध्ये शोधता येत नाही. जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३२ आवृत्तीपासून चिन्हनाम देणारे स्ट्रएररनेम_एनपी त्यासाठीच आहे.

यातला शेवटचा तुकडा आपण मिळवायचा असतो. ओपन फसल्यावर पाथ डावीकडून एकेक पायरी तपासत जायचा: ही डिरेक्टरी आहे का, हिच्यात शिरता येते का, ही लिंक असेल तर कुठे जाते. ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर पीटर मिलर यांच्या लिबएक्सप्लेन या मुक्त लायब्ररीत अनेक सिस्टिम कॉलसाठी हे काम करून ठेवलेले आहे. ती न वापरता स्वतः लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॉल फसणे आणि आपली तपासणी यांत वेळ जातो, तेवढ्यात दुसरी प्रोसेस फाइल तयार करू शकते. कारण सापडले नाही तर ते रचून सांगू नये, आकडा आणि पाथ देऊन थांबावे. आणि सेटयूआयडी प्रोग्रॅममध्ये, म्हणजे चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, परवानगी तपासणारा अॅक्सेस हा कॉल खऱ्या वापरकर्त्याच्या परवानग्या पाहतो, ओपन मात्र प्रभावी वापरकर्त्याच्या. तिथे निदान चुकू शकते.

तपासणी सुरू करण्याआधी एर्नो स्थानिक चलात उतरवून घ्यायचा. मधली एखादी क्लोज किंवा लॉगची ओळ तो पुसून टाकू शकते. फाइल उघडली नाही आणि संदेश 'इनअॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' असा आला, तर बहुधा असेच काही झालेले असते. कॉल यशस्वी झाला तरी एर्नो शून्य होत नाही, म्हणून आधी परतीचे मूल्य पाहायचे. थ्रेड हाताळणारी पीथ्रेडची फंक्शने एर्नोला हातच लावत नाहीत, त्रुटीचा आकडा परतीच्या मूल्यातच देतात. नेटवर्कवरचा पत्ता शोधणाऱ्या गेटअॅड्रइन्फोचे आकडे तर वेगळेच, त्यांना जीएआय_स्ट्रएरर लागते.

राईट यशस्वी झाली म्हणजे बाइट डिस्कवर पोहोचले, असेही नाही. नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये जागा संपल्याची बातमी कधी कधी बाइट डिस्कवर उतरवून घेणाऱ्या एफसिंकला किंवा फाइल बंद करणाऱ्या क्लोजलाच मिळते. क्लोजचे उत्तर न पाहणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल मागे ठेवून 'झाले' म्हणतो, आणि आमच्या मते पीएररच्या अपुऱ्या ओळीपेक्षा हे जास्त घातक आहे.

प्रात्यक्षिकाच्या गुणांत फसलेल्या कॉलचा वाटा असावा, अशी आमची अभ्यास मंडळांना विनंती आहे. त्यासाठी वेगळी सामग्री लागत नाही. निकाल 'डेव्ह/फुल' या नेहमी भरलेल्या भासणाऱ्या खास फाइलीत लिहायला लावला, की प्रत्येक राईटला २८ मिळतो. सबशेलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या दुसऱ्या शेलमध्ये, यूलिमिट या आज्ञेने उघड्या फाइलींची मर्यादा ४वर आणली (तीन आधीच उघड्या असतात), की प्रोग्रॅमची दुसरी फाइल २४वर, म्हणजे ईएमफाइलवर, अडते. ३ ठेवू नये, नाहीतर सी लायब्ररी उघडतानाच प्रोग्रॅम मेमरीत आणणारा लोडर अडकतो आणि मेन या पहिल्या फंक्शनपर्यंत काही पोहोचत नाही. सिस्टिम कॉल टिपणाऱ्या एस्ट्रेसच्या फॉल्ट सोयीने हवा तो कॉल हव्या त्या आकड्याने पाडता येतो. आणि हे सगळे साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करवून घ्यावे: रूट या सर्वाधिकारी खात्याला फाइलींच्या परवानग्या सहसा अडवत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे रूट म्हणूनच बसले असतील तर १३ हा आकडा कुणाच्या दृष्टीलाच पडणार नाही.

आपले,
सिस्टिम प्रोग्रॅमिंग करणारे काही वाचक