दिव्यांग मुलांच्या खेळाची सोय कोण लावून देणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘मुले मोबाइलवर खेळून वाया चालली’ ही तक्रार मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु ज्या मुलाला मैदानात उतरताच येत नाही, त्याला गल्लीतल्या पोरांत मिसळायला हाच खेळ उपयोगी पडतो, ही बाजू क्वचितच मांडली जाते. परभणी परिसरात दिव्यांग मुलांना शिकवताना मला जाणवलेली अडचण पैशांची कमी आणि माहितीची जास्त आहे.

साध्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्विच ॲक्सेस’ ही सोय असते. ती सुरू केली की पडद्याला बोट न लावता, ओटीजी केबलने जोडलेल्या जुन्या कीबोर्डच्या एक-दोन बटणांवर फोन चालवता येतो. पडद्यावर एक चौकट आपोआप पुढे सरकत राहते आणि ती हव्या त्या जागी आली की बटण दाबायचे. अँड्रॉइड 12 पासून तर कॅमेऱ्यासमोर भुवया उंचावूनही हेच काम होते. लुडो, बुद्धिबळ अशा पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांना एवढे पुरते. धावपळीच्या नेमबाजीत मात्र चौकट सरकेपर्यंत डाव आटोपलेला असतो, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

कर्णबधिर मुलांना बीजीएमआयसारख्या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात जवळपासच्या पावलांची चिन्हे कोपऱ्यातल्या नकाशावर दिसतात, त्यामुळे त्यांचे फारसे अडत नाही. सर्वांत मोठी उपेक्षा अंध मुलांची होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘टॉकबॅक’ बँकेच्या ॲपमध्ये चालते, पण बहुतेक खेळांत मुके होते, कारण खेळ अख्खा पडदा एखाद्या चित्रासारखा रंगवतो आणि कोणते बटण कुठे आहे हे फोनला कळवतच नाही. हा दोष फोनचा नाही, खेळ बनवणाऱ्यांचा आहे.

संगणकावर ‘स्टिकी कीज’मुळे दोन-तीन बटणे एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबता येतात. (शिफ्ट पाचदा दाबल्यावर ऐन खेळात जी खिडकी उघडते आणि जिच्यावर मुले वैतागतात, ती हीच!) मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये बाजारात आणलेल्या ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ला (दिव्यांगांना व्हिडिओ गेम खेळता यावेत म्हणून बनवलेले बटणांचे उपकरण) दोन मोठी बटणे आणि मागच्या बाजूला 3.5 मिलिमीटरची 19 छिद्रे आहेत. हेडफोनची पिन बसते तशीच ही छिद्रे असल्यामुळे दाराच्या घंटीचे बटण आणि साधी मोनो पिन डाग देऊन जोडली, तरी पायाने किंवा कोपराने दाबता येईल असा स्विच तयार होतो, आणि हे काम तालुक्याच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीरही करू शकतो. मूळ कंट्रोलर मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो शाळेने किंवा पुनर्वसन केंद्राने एकदा घेऊन अनेक मुलांना वापरू द्यावा, हेच व्यवहार्य वाटते.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये मनोरंजनातील सहभागाचा हक्क मान्य केलेला आहे, आणि आपल्या राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. या विभागास माझी विनंती अशी की, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे वाटण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जी शिबिरे भरतात, तेथे मुलाच्या घरच्याच फोनमध्ये या सोयी सुरू करून देणारा एक जाणकार बसवावा. त्यासाठी नवीन यंत्रसामग्री लागत नाही. एक टेबल, एक कीबोर्ड आणि प्रत्येक मुलामागे अर्धा तास पुरेल.

दुसरी विनंती गावोगावी मोबाइल गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आहे. ‘बाहेरचे कोणतेही उपकरण चालणार नाही’ हा नियम फसवणूक रोखण्यासाठी असतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) मान्यता दिल्यानंतर तरी, दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्या खेळाडूचे उपकरण पंचांनी आधी तपासून त्यास परवानगी द्यावी, एवढी एक ओळ त्या नियमात वाढवावी.

आपला,
एक विशेष शिक्षक, परभणी