गाडी बदलली, मग रस्ता कळला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचले. तीनशे-चारशे सीसीच्या गाड्या सामान्य माणसाला विकूच नयेत, अपघातांचे मूळ तिथेच आहे आणि आवाजाचा त्रासही त्यांचाच, असे त्यांचे म्हणणे. ते वाचत असताना माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि दारात 399 सीसीची गाडी उभी होती. तेव्हा उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस आपल्याला सापडायचा नाही. पत्र एका हाताने टाइप केले आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्यावे.

मी पशुवैद्यक, वय बावन्न. पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या गावांतून गाई-म्हशी तपासत तेवीस वर्षे हिंडलो. त्यातली शेवटची सात वर्षे रॉयल एनफील्डच्या हिमालयनवर. 2017 साली घेतलेली 411 सीसीची जुनी हिमालयन, 24 अश्वशक्ती आणि वजन 190 किलोच्या घरात. मागे एका बाजूला उणे 196 अंशांतल्या नायट्रोजनचा कंटेनर, त्यात कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा, आणि दुसऱ्या बाजूला औषधांची पेटी. पुढचे चाक 21 इंची, पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा. उसाच्या बांधावरून, ओढ्यातून, शेणाच्या उकिरड्यावरून ही गाडी नेली आणि तिने कधी तक्रार केली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ या बाजूला गुडघाभर गाळ होता. घटसर्पाच्या लसी घेऊन त्यातून तिच्यावरच फिरलो. 2022 मध्ये जनावरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हाही तीच. खऱ्या हिमालयात मात्र ती एकदाच गेली, मनालीमार्गे लेहला. तिथे सीमा रस्ते संघटनेचे पिवळे फलक वळणावळणाला थट्टा करत का होईना, पुढे काय आहे ते सांगतात. आमच्याकडे वळण स्वतःच येऊन सांगते.

मग दोन गोष्टी झाल्या. माझे गुडघे गेले, आणि गावोगावची रेतनाची कामे तरुण पोरांकडे देऊन मी कराडला एका दूध संस्थेत बसून करायच्या कामावर लागलो. रोजचा रस्ता डांबरी झाला. हायवेवर ट्रक ओलांडताना हिमालयनला पिळावे लागायचे. शंभरच्या पुढे हँडल असे थरथरायचे की हाताला मुंग्या यायच्या. चिखल संपला होता आणि मी चिखलाची गाडी रोज हायवेवर दामटत होतो. 2024 मध्ये ती विकली आणि केटीएमची ड्यूक 390 घेतली. 46 अश्वशक्ती, 168 किलो. म्हणजे ताकद जवळजवळ दुप्पट आणि वजन वीस-बावीस किलोंनी कमी.

या जातीच्या गाडीला 'नेकेड' म्हणतात, कारण इंजिनावर प्लास्टिकचे कवच नसते आणि पुढे काच नसते. हा शब्द घरी कसा उच्चारायचा इथपासून अडचण होती. बायकोने मागची वीतभर सीट पाहिली आणि "मला कुठं न्यायचंच नाही असं सरळ सांगा की," म्हणाली. ती आजतागायत तिच्यावर बसलेली नाही. बुर्लीच्या एका जुन्या शेतकऱ्याने गाडीभोवती फेरी मारून विचारले, "डाक्टर, उंट इकून घोडी आणली व्हय?" याहून नेमके वर्णन मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

पहिल्या महिन्यात मी घाबरलो होतो हे कबूल करतो. कराडजवळ मोकळा रस्ता बघून दुसऱ्या गिअरमध्ये जुन्या सवयीने मूठ पिळली. हिमालयनला तेवढी पिळली की ती विचार करून निघायची. हिने पुढचे चाक उचलले. वीतभरच असेल, पण एक्कावन्नाव्या वर्षी हेल्मेटच्या आत मी जे बोललो ते छापता येणार नाही. त्यानंतर महिनाभर कोरड्या रस्त्यावरसुद्धा 'रेन' मोडमध्ये चालवली, त्यात ताकद अंगावर येत नाही. मुलगा हसायचा, हसू दिले.

पण ताकदीपेक्षा मोठा धक्का रस्त्याने दिला. हिमालयनच्या पुढच्या सस्पेन्शनला 200 मिलिमीटरची हालचाल होती, ड्यूकला 150. चाके दोन्ही 17 इंची, टायर रुंद आणि बसके. ज्या रस्त्याने मी सात वर्षे गेलो होतो तो मला माहीतच नव्हता, हे पहिल्या आठवड्यात कळले. मोरीच्या दोन्ही तोंडांशी रस्ता खचला आहे. पाइपलाइनसाठी खोदलेला चर नुसता मुरमाने बुजवला आहे. नव्या डांबराची कड जुन्यापेक्षा दोन इंच उंच आहे. हे सगळे आधीही तसेच होते, हिमालयन ते परस्पर गिळत होती आणि मला पत्ता लागू देत नव्हती. वर काच नसल्यामुळे नव्वदच्या पुढे वारा छातीवर हात ठेवून ढकलतो, त्यामुळे वेग स्पीडोमीटरवर बघावा लागत नाही. ज्येष्ठ वाचकांना नवल वाटेल, पण जास्त ताकदीच्या गाडीवर मी हळू चालवू लागलो.

माझी हिमालयन दोन चाकांवर होती, पण रस्त्यांचे निर्णय घेणारी मंडळी ज्या उंच, रुंद टायरच्या गाड्यांतून पाहणीला येतात त्यांचे काम तेच असते. आतल्या माणसाला रस्ता कळू द्यायचा नाही. दुधाचे कॅन लावून स्प्लेंडरवर निघालेल्याला तो रोज पहाटे कळतो, पण त्याला पाहणीला कोण नेतो?

आता माझ्या हाताची गोष्ट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका जुन्या मालकाचा फोन आला, म्हैस अडली आहे, तुम्हीच या. माझी जुनीच फेरी, पण ड्यूकवर त्या गावात पहिल्यांदाच जात होतो. गावाबाहेर चिंचेच्या सावलीत एक गतिरोधक आहे. तो मला तोंडपाठ होता. हिमालयनवर शेकडो वेळा तिशीच्या वेगात ओलांडलेला, नुसते पायावर उभे राहायचे आणि पुढे जायचे. हातांनी ते सवयीने केले. ड्यूकचे पोट वर घासले, पुढचे चाक पलीकडे दाणकन उतरले, आणि उतरले ते गतिरोधक बांधताना उरलेल्या खडीवर. मी डाव्या अंगावर पडलो. वेग तीस, फार तर बत्तीस. मनगट मोडले. म्हैस दुसऱ्या डॉक्टरने सोडवली, रेडकू बरे आहे.

यात माझी चूक आहे. गाडी बदलली तरी हात बदलले नव्हते, ते आता बदलतील. पण गेले पंधरा दिवस भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "एवढ्या ताकदीची गाडी कशाला घ्यायची?" त्याच जागी गेल्या वर्षी दूध घालणारा एक पोरगा शंभर सीसीच्या गाडीवरून पडला होता, त्याला हे कुणी विचारले नाही. 46 पैकी किती अश्वशक्ती मी त्या वेळी वापरत होतो? चारसुद्धा नसेल.

प्लास्टर घातल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन तिथे गेलो. जनावराच्या छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज बांधायची फीत आमच्याकडे असते, तीच घेतली. गतिरोधकाची रुंदी 61 सेंटिमीटर भरली, उंची 18. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 99 क्रमांकाच्या संहितेत गतिरोधकाचे माप दिले आहे, ते 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच. गाड्या ताशी 25 किलोमीटरने सुखरूप जाव्यात असा गोलसर उंचवटा. आमचा जवळपास दुप्पट उंच आणि सहापट अरुंद. त्याला गतिरोधक म्हणण्यापेक्षा बांध म्हणावे. त्यावर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही. गावकऱ्यांचा दोष मी कमी धरतो. शाळेतून सुटलेली पोरे तिथून रस्ता ओलांडतात, त्यांना काहीतरी हवेच होते, आणि अर्ज करून वाट बघण्यापेक्षा रस्त्याचे काम करणाऱ्यांकडून दोन घमेली डांबर मागून घेणे सोपे पडते.

ताकदवान गाड्यांबद्दल आणखी एक. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास कराडहून परतत होतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर, आणि तो गेला तसा पुढ्यात काळा डोंगर. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, दोन्ही बाजूंनी असे लोंबत होते की ट्रॉलीची कड कुठे संपते तेही कळेना. वळणातच ब्रेक दाबावा लागला. ड्यूकचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, गाडी कललेली असतानाही काम करते, त्यामुळे घसरलो नाही. ट्रॉली हाताच्या अंतरावर राहिली. जुनी हिमालयन असती तर हे पत्र लिहायला बहुधा मी नसतो. तेव्हा नुसती ताकद मोजून चालत नाही. त्याच गाडीला ब्रेक, टायर आणि अक्कलही दिलेली असते. 350 सीसीच्या वरच्या गाड्यांना सरकारने 2025 च्या सप्टेंबरपासून 40 टक्के जीएसटीच्या पंगतीत बसवले आहे. शौकाची वस्तू म्हणून असेल, शौक आहे हे मी नाकारतही नाही.

आवाजाबाबत मात्र मी पत्रलेखकांच्या बाजूचा आहे. इंदोरी सायलेन्सर लावून गावातून फटाके फोडत जाणाऱ्यांची गाडी जप्त करावी. 175 सीसीवरच्या गाडीला नियमाने 80 डेसिबलची मर्यादा आहे आणि कंपनीतून निघालेली गाडी ती पाळते. तो खोडसाळपणा गाडीचा नाही.

माझी मागणी लहान आहे. दसऱ्याला आमच्या भागातल्या कारखान्यांचे बॉयलर पेटले, गव्हाणीत मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, आता फार दिवस नाहीत. प्रत्येक ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा वाहतूक करार कारखान्याकडे असतो, आणि प्रत्येक खेप वजनकाट्यावर यावीच लागते. काट्यावर गाडी घेण्याआधी मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर बघावा, नसेल तर गाडी रांगेतून बाजूला काढावी. पहिल्या दिवशी भांडणे होतील, तिसऱ्या दिवशी सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागलेले दिसतील. काट्यापुढे कुणाचे चालत नाही हे ऊस घालणाऱ्याला मी काय सांगावे. शेताच्या तोंडाशी चाके खोऱ्याने खरवडूनच गाडी डांबरावर घ्यायची, एवढे ऊसतोडीच्या मुकादमांना सांगितले तरी ओल्या काळ्या मातीचे निसरडे पट्टे निम्मे कमी होतील. आणि गतिरोधकांना निदान पांढरा रंग. आमच्या त्या बांधाला किती लागेल हे मी रंगाच्या दुकानात विचारले, एक लिटरचा डबा पुरतो म्हणाले. संबंधित खात्याला मोजमाप हवे असेल तर फीत माझ्याकडे आहे. प्लास्टर नोव्हेंबरच्या मध्यावर निघेल, तोवर फीत धरायला मुलगा येईल.

नाव छापू नये ही विनंती. आधीच जनावरांचे मालक फोन करून आधी गाडीचे ॲव्हरेज विचारतात आणि मग गाईचे सांगतात. सत्तावीस देते.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक
ता. पलूस, जि. सांगली