सारायेव्होला अर्धा दिवस पुरत नाही

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतील बाल्कन सहलींची माहिती वाचली. बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला, त्यात अर्धा दिवस आहे. १९१४ साली ज्याच्याजवळ ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली तो लॅटिन पूल, बाश्चार्शियाचा जुना बाजार, जेवण, की बस पुढे. हे शहर असे उरकू नये, म्हणून हे पत्र.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षे या शहराला वेढा होता. भोवतालच्या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा आणि खाली अडकलेली लाखो माणसे. त्यातली हजारो जिवानिशी गेली. बसच्या काचेतून यातले काही दिसत नाही. मी आणि माझी मुलगी तिथे गेलो, तेव्हा वेढ्याच्या वेळी शाळकरी असलेला एक स्थानिक वाटाड्या आमच्याबरोबर पायी फिरला. फुटपाथवर तोफगोळ्याने पडलेले, लाल राळेने भरलेले खळगे त्यानेच दाखवले; तिथले लोक त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. आम्ही तर त्यांवरून चालतच निघालो होतो! मार्काले मंडईत ५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका गोळ्याने ६८ माणसे मारली. आज तिथे पुन्हा भाजी विकतात. बिअरच्या कारखान्यापाशी झरा होता, तिथे आमचा वाटाड्या लहानपणी पाण्याचे कॅन घेऊन रांगेत उभा राहायचा. कुठला चौक धावतच ओलांडायचा, हे त्याला आजही पाठ आहे.

मी ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, त्यामुळे व्हियेच्नित्सासमोर माझा पाय निघेना. राष्ट्रीय ग्रंथालयाची ही इमारत ऑगस्ट १९९२ मध्ये आगीच्या गोळ्यांनी पेटवली गेली. लाखो पुस्तके जळाली. आइदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्याच सुमारास घरी जाताना तोफगोळ्याने गेली. ‘आई दोरीवरचे कपडे पुन्हा पुन्हा झटकत होती, सगळी कागदांची राख,’ एवढेच वाटाड्या म्हणाला. इमारत २०१४ साली दिमाखात पुन्हा उघडली. जळालेल्या हस्तलिखितांना मात्र दुसरी प्रत नव्हती. २०१९ च्या पुरात भिजलेली पुस्तके आम्ही सांगलीकरांनी पान-पान सोडवून वाळवली. तिथे वाळवायलाही फारसे काही उरले नव्हते.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांना विनंती, की सारायेव्होत निदान दोन मुक्काम ठेवा आणि त्यातला एक दिवस स्थानिक वाटाड्याबरोबर पायी फिरण्यासाठी द्या. विमानतळाखालून खणलेला भुयारी मार्ग वगळू नका. वेढ्यात धान्य, औषधे आणि माणसे त्यातून ये-जा करत. वेढा ज्यांनी सोसला, त्यांतली तेव्हाची पोरेही आता चाळिशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्या तोंडून ऐकायचे तर आताच जायला हवे. पुरवणीत अशा पायी फेऱ्यांची माहितीही छापावी. ज्येष्ठांना चढ झेपतील का, थंडी किती असते, हे विचारणारे फोन मलाच येतात.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली