मित्रास पत्र: मॅचमध्ये पाय नेमका कुठं घसरतो

बेळगाव,
१४ सप्टेंबर

प्रिय परशराम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्लबची प्रॅक्टिकल शूटिंगची, म्हणजे धावत-थांबत टार्गेटं टिपायची मॅच दिवाळीच्या सुमारास खानापूरकडच्या रेंजवर ठरली, स्टेजचे, म्हणजे त्यातल्या एकेका फेरीच्या मांडणीचे नकाशेही मिळाले. टार्गेटची मांडणी झकास झालीय. जमिनीबद्दल मात्र नकाशात एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र जरा लांबणार गा.

इतर खेळांत पाय घसरला तर गुडघा फुटतो. इथं हातात भरलेलं पिस्तूल असतं. तोल जाताना माणूस सावरायला एक हात आवळतो, तेव्हा दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. त्यात बोट ट्रिगरवर असेल तर नको तिथं गोळी सुटते. म्हणून आयपीएससीच्या, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत धावताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत दिसलं की थेट बाद, नळी ९० अंशांपलीकडं मागं वळली की बाद, पिस्तूल हातातून पडलं तरी बाद. नुसतं घसरून पडल्याबद्दल कुणी बाद होत नाही, पण पडता पडता यातलं एखादं सहज होऊन जातं. अशा वेळी दोष नेमबाजाच्या नावावर लागतो. जमीन आपण नीट केली होती का, हे कुणी विचारत नाही.

सरळ धावताना माणूस क्वचितच पडतो. टायमर वाजल्यावरचं पहिलं पाऊल, वळण, आणि धावत येऊन थांबतानाचं शेवटचं पाऊल, या तीन ठिकाणी पाय जातो. त्यातही थांबण्याची जागा सगळ्यांत वाईट. अंगाचा सगळा जोर टाचेवर येतो आणि नजर टार्गेटवर लागलेली असते. तेव्हा अख्ख्या स्टेजवर मुरूम पसरण्यात पैसे घालवू नकोस. प्रत्येक थांब्याच्या अलीकडं दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टी धर. वरची मऊ माती खरवडून काढ, साडेसहा-सात सेंटिमीटर मुरूम टाक, पाणी मार आणि धुमसानं ठोकून पाच सेंटिमीटरवर आण. एका ब्रासमध्ये (शंभर घनफुटांत) अशा चौदा-एक पट्ट्या निघतात. वर बारीक खडीची चुरी भुरभुरली तर उत्तम. ती धारदार असते, एकमेकींत अडकून बसते. नदीतली गोल वाळू किंवा गोटे टाकू नकोस.

खानापूरच्या तांबड्या मातीत एक वेगळीच खोड आहे. पावसानं वरची माती वाहून गेली की जांभ्याचे गोल खडे उघडे पडतात. खाली जमीन कडक आणि वर हे सुटे खडे, मग कोरड्या उन्हातसुद्धा पाय वाटाण्यांवर पडल्यासारखा सरकतो. त्याला मुरमाचं काम नाही, खराट्याचं आहे. प्रत्येक स्क्वॉडआधी, म्हणजे नेमबाजांच्या प्रत्येक तुकडीआधी झाडून काढायचं. पुढच्या वर्षी बैलहोंगलकडं मॅच घेतलीत तर तिथल्या काळ्या मातीचा त्रास उलटा असेल: ती बुटाला चिकटून तळवा गुळगुळीत करते. तिथं स्टेजच्या तोंडाशी तरट, पाण्याची बादली आणि ताठ ब्रश ठेवावा लागतो.

चिखल दिसला की आपल्याकडं लोक लगेच पाचट नाहीतर भाताचा पेंढा टाकतात. स्टेजच्या आत ते अजिबात नको. ओला पेंढा खालच्या चिखलावरून चटईसारखा सरकतो, वर खड्डाही झाकून टाकतो. भुशाचा पाण्यानं गारा होतो. चिखलावरचं रबरी मॅट आणि ताडपत्रीही तशीच. ताडपत्रीचं काम रात्री: परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून मुरमाच्या पट्ट्या संध्याकाळी झाकायच्या, सकाळी ताडपत्री काढून दूर न्यायची. आणि स्टेजच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर मारून पाणी बाहेर काढ. हे केलंस तर निम्मा त्रास तिथंच संपतो.

आता फॉल्ट लाइन, म्हणजे नेमबाजानं ओलांडायची नाही ती जमिनीवरची लाकडी पट्टी. ती जमिनीपासून निदान दोन सेंटिमीटर वर हवी, म्हणजे नेमबाजाला पायाला कळते. पण हलणारी पट्टी म्हणजे ठेच ठरलेलीच. १० मिलिमीटर सळीच्या फूटभर खुंट्या दर मीटरला ठोक, डोकी लाकडाच्या आत बसव. खालची माती वाहून गेली की पट्टी डुगडुगते, म्हणून रोज सकाळी पायानं दाबून बघायची. तिला चकचकीत ऑइल पेंट मारलास तर ओली झाल्यावर बर्फ होईल. रंग ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक वाळू टाक. आडोशाच्या भिंतींचे पाय आणि टेकूची पोती शूटिंग एरियाच्या बाहेर काढ. फुटकं पोतं लगेच बदल.

तुझ्या तिसऱ्या स्टेजमध्ये नेमबाज मागं हटत गोळ्या मारतो, ते मला पटत नाही. मागं डोळे नसतात आणि नळी पुढंच ठेवायची असते. त्याच्यामागचा रेंज ऑफिसर, म्हणजे सोबत चालणारा पंचही त्याच वेळी उलटा चालतो, दोघं एकमेकांवर कोसळू शकतात. ती वाट आडवी करून टाक. स्टेजवर लाकडी फळीचा उतार असेल तर त्यावर कोंबड्यांची जाळी ताणून ठोक, पण तारेची टोकं आत वाकवून, नाहीतर तीच बुटाला अडकायची.

पुंगळ्यांचं विसरू नकोस. लाँग कोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांत मोठ्या स्टेजमध्ये जास्तीत जास्त ३२ गोळ्या असतात, म्हणजे दहा जणांचं स्क्वॉड झालं की तीनशेवर रिकाम्या पुंगळ्या. काँक्रीटवर त्या पायाखाली गडगडतात. १२ बोअर बंदुकीची रिकामी काडतुसं तर त्याहून मोठी. ‘रेंज इज क्लिअर’ हा पुढं जायला मोकळीक देणारा पुकारा ऐकल्यावर टार्गेट चिकटवणाऱ्यांबरोबरच दोघं पुंगळ्या वेचायला लाव, आधी थांब्याच्या जागेवरच्या.

मॅच चालू असताना जमीन खराब झाली तर रेंज ऑफिसरनी खडी-चुरी टाकायला कचरू नये. नियमानं तो अधिकार त्यांना आहे आणि त्यावर अपील चालत नाही. ‘आधीच्यांना मिळालं नाही’ म्हणून ओरड होईल, होऊ दे. आणि सकाळी पहिलं स्क्वॉड गवताच्या स्टेजवर सोडू नका, दहिवर वाळेपर्यंत थांबा.

ब्रीफिंगमध्ये हे आवर्जून सांग: पडताय असं वाटलं की बोट बाहेर, नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्याकडं आणि मोकळ्या हातावर अंग जाऊ द्या. पिस्तुलाचा हात टेकायचा नाही. पिस्तूल निसटलं तर झेलायचं नाही, पडलेलं उचलायचंही नाही. ते रेंज ऑफिसर उचलतील.

मुरुमाची ट्रॉली दसऱ्याच्या आत सांगून ठेव. एकदा उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर मिळायचे नाहीत. बदललेला तिसऱ्या स्टेजचा नकाशा पाठव, बघून लगेच कळवतो.

तुझा,
नागेश